मूड गेला तरी काम होतं: वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की सध्या तुमच्या ऑफिसात काय वातावरण आहे. कपात, थांबलेली पगारवाढ, गोठलेली भरती, असंच सगळं पत्रांतून आलं आणि जवळजवळ प्रत्येकाचा शेवट "उत्साह कसा टिकवायचा ते सांगा" इथेच होता. सगळी छापणं शक्य नाही, पाच घेतलीयेत. नावं, हुद्दे काढून टाकलेत, कारण उघड आहे.

प्रश्न : ताई, आमच्या बारा जणांच्या टीममधले पाच जण एका दिवसात गेले. सकाळी सोबत लॉगिन केलं, दुपारपर्यंत त्यांचे आयडी बंद. त्यांचं काम आता आम्हा सात जणांवर आलंय. वर आमचा बॉस रोज ग्रुपवर एक सुविचार टाकतो आणि मीटिंगमध्ये म्हणतो की आपण लकी आहोत, पॉझिटिव्ह राहा. मला पॉझिटिव्ह वाटतच नाही, उलट राग येतो आणि मग त्या रागाचं पण वाईट वाटतं की आपली नोकरी तर आहे ना. काय करू?

उत्तर : आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, की पॉझिटिव्ह वाटणं हा तुमच्या कामाचा भाग आहे. काम करणं हा कामाचा भाग आहे, वाटणं नाही. तुमच्या शेजारच्या खुर्चीवरचा माणूस दुपारपर्यंत नाहीसा झाला तर राग येणार, आणि आपण वाचलो याचा अपराधीपणा पण येणार. कपातीनंतर मागे राहिलेल्यांचं असंच होतं, त्यावर भरपूर अभ्यास झालाय, म्हणजे तुमच्यात काही बिघाड नाहीये.

उलट आत एक आणि चेहऱ्यावर एक असं दिवसभर वागवणं हेच थकवतं. आर्ली हॉकशील्ड नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली विमानातल्या कर्मचाऱ्यांवर लिहिताना हे मांडलं, की ठरावीक भावना दाखवत राहणं हे स्वतंत्र श्रमाचं काम आहे. तुमचा बॉस नकळत तुमच्यावर आणखी एक काम टाकतोय आणि त्याला वाटतंय तो ओझं हलकं करतोय.

आणि नुसती गोड स्वप्नं बघूनही फार होत नाही बरं का. गाब्रिएले ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञांनी जर्मनीत, शिक्षण संपवून नोकरीच्या शोधात असलेल्या तरुणांना विचारलं होतं की सगळं छान होईल अशी चित्रं तुम्ही मनात किती रंगवता. ज्यांनी जास्त रंगवली त्यांनी दोन वर्षांत अर्ज कमी केले, त्यांना ऑफर कमी आल्या आणि पगारही कमी मिळाला. हा अभ्यास २००२ सालचा. त्याच अभ्यासात असंही दिसलं की आपल्याला जमेल असा अनुभवावर टेकलेला विश्वास ज्यांच्याकडे होता त्यांचं मात्र बरं चाललं. म्हणजे आशा वाईट नाही, पण तिला कशाचा तरी आधार लागतो, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

मग आधार कशाचा, तर आज काहीतरी पुढे सरकलं याचा. टेरेसा अमाबिले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात कंपन्यांतल्या २३८ लोकांना रोज संध्याकाळी छोटी डायरी लिहायला लावली, जवळपास १२,००० नोंदी जमल्या, आणि चांगल्या दिवसांत सगळ्यात जास्त वेळा सापडणारी गोष्ट बक्षीस किंवा शाबासकी नव्हती, तर महत्त्वाच्या कामात थोडी प्रगती झाली ही होती. अगदी छोटी असली तरी. आणि वाईट दिवसांत नेमकं उलटं, काम अडकलं, मागे गेलं.

आता तुमची अडचण इथेच आहे. बारा जणांचं काम सात जण करताना कुठलंच काम पूर्ण होत नाही, सगळं अर्धं. म्हणून तुमचा उत्साह गेलाय, स्वभाव बिघडला म्हणून नाही. तर सगळ्यात आधी बॉससोबत अर्धा तास मागा आणि यादी घेऊन जा. "सर खूप लोड आहे" असं म्हणून जाऊ नका, त्यावर सगळ्यांना सेमच उत्तर मिळतं. असं म्हणा: "ही माझी आधीची सहा कामं, ही नवीन आलेली पाच. या आठवड्यात यातली चार नीट होतील. कुठली चार ते तुम्ही ठरवा, बाकीच्यांची नवी तारीख मी संबंधितांना कळवतो." आणि तो म्हणालाच की सगळीच करा (म्हणेल, पहिल्यांदा म्हणेलच), तर शांतपणे तोच प्रश्न परत विचारा, आणि त्याच दिवशी ठरलेलं मेलवर टाका. दोन ओळी पुरे. हे भांडण नव्हे, उलट गेलेल्या पाच जणांची कामं मोजली कुणीच नसतात, ती मोजून समोर ठेवणारा माणूस टीमला हवाच असतो. कितीतरी रिपोर्ट असे निघतात की जे वाचणारा माणूसच आता कंपनीत नाही, तरी ते दर आठवड्याला बनतायत!

आणि संध्याकाळी बंद करायच्या आधी एक ओळ लिहा, आज काय संपलं. "अमुक फाइल क्लोज केली" इतकंच. सुविचारापेक्षा हे बरं पडतं.

प्रश्न : आमच्याकडे अजून काही झालेलं नाही, पण होणार अशी चर्चा आहे. एचआरचं मीटिंग इन्व्हाइट आलं की पोटात गोळा येतो. दिवसभर बातम्या, ग्रुप, कोण काय म्हणालं. कामात लक्ष नाही आणि लक्ष नाही म्हणून आपलंच नाव यादीत येईल ही भीती. रात्री झोप नाही. घरी काही सांगितलेलं नाही.

उत्तर : टांगती तलवार खरंच वाईट असते, हे काही तुमचं मन कमकुवत म्हणून नाही. ब्रिटनमध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या तब्येतीचा वर्षानुवर्षं मागोवा घेणारा एक मोठा अभ्यास चालू होता, त्यातलं एक खातं मध्येच खासगी होणार असं जाहीर झालं, आणि त्या खात्यातल्या लोकांची तब्येत, त्यांच्याच सांगण्यानुसार, बाकीच्यांपेक्षा बिघडू लागली. तेव्हा कुणाची नोकरी गेलीसुद्धा नव्हती, नुसतं जाणार का राहणार हेच चालू होतं. १९९५ साली हे छापून आलं.

भीतीला तोंड नसतं म्हणून ती मोठी वाटते. तिला आकडे द्या. रविवारी सकाळी एक तास बसा आणि कागदावर लिहा: महिन्याला भागवायला कमीत कमी किती लागतात (हौसेचे सोडून), हातात किती आहेत, म्हणजे किती महिने निघतील. मग आपलं नेमणूक पत्र काढा, हो तेच जे सही केल्यापासून उघडलेलं नाही, आणि त्यात नोटिशीचा काळ किती, उरलेल्या रजेचे पैसे मिळतात का, आरोग्य विमा शेवटच्या दिवशी संपतो की पुढे काही दिवस चालतो ते बघा. हप्ते कुठले थांबवता येतील, कुठले नाही. पगाराच्या स्लिपा, मूल्यांकनाची पत्रं, अनुभवाचे दाखले हे जे तुमचं स्वतःचं आहे ते घरच्या मेलवर ठेवा. कंपनीचा डेटा, क्लायंटच्या फायली यांना हात लावू नका, त्यातून भलताच ताप होतो आणि मग खरंच नोकरी जाते. लॉगिन बंद झालं की काहीच हाती लागत नाही, वरच्या पत्रात वाचलंत ना.

एवढं झालं की काय होतं, प्रश्न "माझं काय होणार" असा राहत नाही, "चार महिने निघतात, सहा कसे करू" असा होतो. या दुसऱ्या प्रश्नावर निदान काहीतरी करता येतं. आणि हा कागद घरी दाखवा. एकट्याने पोटात ठेवलेल्या गोष्टीचा घरच्यांना वास लागलेलाच असतो, फक्त त्यांचा अंदाज खऱ्यापेक्षा भयंकर असतो.

अफवांचं म्हणाल तर पूर्ण बंद करा असं मी सांगणार नाही, जमत नाही ते. पण चहाच्या वेळेतली कुजबुज आणि खरी लक्षणं यात फरक करा. पगार ठरलेल्या तारखेला झाला नाही, पगारातून कापलेली रक्कम पुढे भरलीच गेली नाही, पुरवठादारांची बिलं थकायला लागली, गेलेल्या माणसांच्या जागा महिनोन्महिने भरत नाहीत, पुढच्या वर्षाच्या कामाचं कुणी बोलतच नाही, ही लक्षणं. अमक्याने तमक्याला लिफ्टमध्ये गंभीर चेहऱ्याने बघितलं हे लक्षण नव्हे. तिसऱ्यांदा ग्रुप उघडल्यावर नवीन काही कळलं का हे स्वतःलाच विचारा, नव्वद टक्के वेळा तेच ते फिरत असतं.

झोप बरेच दिवस लागत नसेल, छातीत धडधड, जेवण जात नाही असं असेल तर मात्र सरळ डॉक्टरकडे जा. माझ्या स्तंभाने ते बरं होणार नाही.

प्रश्न : मी आठ जणांची टीम सांभाळते. यंदा पगारवाढ नाही आणि पुढच्या तिमाहीत पगार काही टक्के कापणार असं वरून आलंय. मला सांगितलंय की टीमला सगळं सांगू नकोस पण त्यांचं मोटिव्हेशन टिकव. मलाच कारण नीट माहीत नाही. वरचे उंटावरून शेळ्या हाकतात आणि रोज तोंड मला द्यावं लागतं.

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला जास्त वाईट वाटलं, कारण मधल्या माणसाला दोन्हीकडून मार.

कपातीपेक्षा कपात कशी सांगितली याचा परिणाम किती असतो याचं एक उदाहरण देते, मला हे फार आवडतं. जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा १९९० सालचा अभ्यास. एकाच कंपनीच्या कारखान्यांपैकी दोन ठिकाणी दहा आठवड्यांसाठी पगार १५ टक्के कापला. एका ठिकाणी वरिष्ठ स्वतः आले, सुमारे दीड तास बसले, आकडे दाखवले, का कापतोय, किती दिवस, दुसरे काय उपाय तपासले ते सांगितलं, दिलगिरी व्यक्त केली, प्रश्न घेतले. दुसऱ्या ठिकाणी पंधरा मिनिटांत आटोपलं. त्या दहा आठवड्यांत चोऱ्या दोन्ही ठिकाणी वाढल्या, पण पंधरा मिनिटांवाल्या कारखान्यात खूपच जास्त, आणि नोकरी सोडून जाणारेही तिथेच जास्त. पैसे दोन्हीकडे सारखेच कापले होते हो!

आणि तुमचे वरिष्ठ "मोटिव्हेशन टिकव" म्हणतात ना, त्यांना हेही सांगा. ट्रुमन ब्यूली या अर्थशास्त्रज्ञाने १९९० च्या सुरुवातीच्या मंदीत अमेरिकेत तीनशेहून जास्त लोकांच्या मुलाखती घेतल्या, मालक, मॅनेजर, युनियनवाले, की मंदीत पगार का कापत नाही, माणसं का काढता. उत्तर साधारण असं आलं की पगार कापला तर नाराज झालेली सगळी माणसं आत राहतात आणि काम बिघडतं, काढलं तर नाराजी निदान दाराबाहेर जाते. ऐकायला क्रूर आहे, पण याचा अर्थ पगार कापून वर उत्साहाची अपेक्षा करणं किती अवघड आहे हे खुद्द मालकांनाही कळतं. तेव्हा तुमच्याने जमत नाहीये असं नका समजू.

तुमच्या हातात काय, तर तीन वाक्यं. काय माहीत आहे, काय माहीत नाही, आणि पुढचं कधी कळेल. उदाहरणार्थ: "यंदा पगारवाढ नाही हे नक्की झालंय. पुढच्या तिमाहीबद्दल चर्चा चालू आहे, त्यातलं मला जेवढं सांगायची परवानगी आहे तेवढं सांगतेय, सगळं नाही. पुढच्या सोमवारी चार वाजता आपण परत बसू, नवीन काही नसेल तरी बसू." आणि सोमवारी बसाच, काही नसलं तरी. ती मीटिंग रद्द झाली की टीम काय समजायचं ते समजते. वरिष्ठांकडे मात्र आधी जा आणि लेखी विचारा की कपात किती काळ, वरच्यांचाही पगार कापला जातोय का, परत कधी तपासणार. हे तीन प्रश्न टीम विचारणारच आहे, तुमच्याकडे उत्तर नसेल तर तुम्ही खोट्या पडाल.

काय म्हणू नका तेही सांगते. "आपण एक कुटुंब आहोत" म्हणू नका, कुटुंबात पगार कापत नाहीत. "कुणाचीही नोकरी जाणार नाही" म्हणू नका, तो शब्द तुमच्या हातात नाही. आणि पैसे कापायच्या महिन्यात खेळ, स्पर्धा, फुगे असलं काही काढू नका प्लीज, दुष्काळात तेरावा महिना.

पैसे देता येत नाहीत तर तुम्ही मोकळा वेळ देऊ शकता. एखादी मीटिंग कायमची बंद करा, आठवड्याचा एखादा अहवाल थांबवा, कुणाला लवकर जायचं असेल तर विचारपूस न करता जाऊ द्या. आणि कौतुक करायचं तर नेमकं करा, "छान काम टीम" नको. "परवा क्लायंट फोनवर चिडला होता तेव्हा तू आधी त्याचं पूर्ण ऐकून घेतलंस आणि मग आकडे दिलेस, त्याने प्रकरण मिटलं" असं. मॅनेजरने खरंच बघितलंय हे माणसाला कळतं. तुमचं स्वतःचं मन मोकळं करायला मात्र टीममधला माणूस पकडू नका, तुमच्याच पातळीवरची दुसऱ्या विभागातली कुणीतरी शोधा.

प्रश्न : माझी पहिलीच नोकरी आहे. सीनियर म्हणतात की या दिवसांत रात्री नऊपर्यंत बसलं, सुट्टी घेतली नाही तर आपलं नाव यादीत येत नाही. खरंय का ताई?

उत्तर : नाही रे बाबा, असं काही गणित नाही. कपात पुष्कळदा विभाग, प्रोजेक्ट, खर्च यावर ठरते, आणि विभागच बंद झाला तर नऊपर्यंत बसणारा आणि सहाला जाणारा एकाच लिफ्टने खाली येतात. तुझ्या हातात आहे ते इतकंच की जे तुझ्याकडे आहे ते वेळेत आणि नीट दे, आणि वर्षभरात असं काहीतरी शिक जे दुसऱ्या कंपनीतही चालेल. आपण काय केलं याची नोंद ठेव, तारखेसकट, कारण सहा महिन्यांनी आठवत नाही आणि बायोडेटात "विविध कामे केली" लिहावं लागतं. सुट्टी घे.

प्रश्न : माझी ऑफिसातली सगळ्यात जवळची मैत्रीण कपातीत गेली. दीड महिना झाला. मी तिला फोनच केलेला नाही. काय बोलू कळत नाही, माझी नोकरी आहे आणि तिची नाही, मी काही बोलले तर तिला टोचेल असं वाटतं. आता इतके दिवस गेले की आणखीच लाज वाटते. आणि खरं सांगू, तिच्या रिकाम्या टेबलाकडे बघून माझंही कामात मन लागत नाही.

उत्तर : आज करा फोन. हे पत्र छापून येईपर्यंत केलेला असेल तर उत्तमच.

नोकरी गेली की पगार जातो हे सगळ्यांना दिसतं, बाकी काय जातं ते दिसत नाही. व्हिएन्नाजवळ मारिएंताल नावाचं गाव होतं, तिथली कापडगिरणी १९३० च्या सुमारास बंद पडली आणि जवळपास अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोडा या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या लोकांचे दिवस टिपले, १९३३ मध्ये ते प्रसिद्ध केलं. आपल्याला वाटेल की वेळच वेळ मिळाला तर लोक वाचतील, फिरतील, पण झालं उलटंच, गावच्या वाचनालयाची वर्गणी काढून टाकली तरी पुस्तकं नेणं निम्म्यावर आलं. संशोधकांनी रस्त्यावरून जाणाऱ्यांचा वेगसुद्धा मोजला, पुरुषांची चाल मंदावली होती, मध्ये मध्ये नुसते थांबायचे. याहोडा यांनी पुढे मांडलं की काम पगाराशिवाय बरंच काही देतं, दिवसाला आकार, माणसांची गाठभेट, आपण कशात तरी सामील आहोत ही जाणीव. तुमच्या मैत्रिणीचं हे सगळं एका दिवसात गेलं आणि वर ज्या माणसांबरोबर रोज चहा प्यायची त्यांचे फोनही येत नाहीत. टोचायचं ते तिथेच टोचतंय.

काय बोलायचं तर फार काही नाही. "दीड महिना फोन केला नाही, काय बोलावं सुचत नव्हतं, कशी आहेस?" मग गप्प बसा आणि ऐका. "जे होतं ते चांगल्यासाठीच" म्हणू नका, "काही लागलं तर सांग" पण नको, कुणी सांगत नाही. ती कंपनीला शिव्या देईल, देऊ दे. नोकरी गेलेल्या इंजिनियरांवर एक प्रयोग १९९४ साली प्रसिद्ध झाला, त्यात काहींना सलग पाच दिवस, रोज वीस मिनिटं, नोकरी जाण्याबद्दल मनातलं सगळं लिहायला सांगितलं. पुढच्या काही महिन्यांत त्यांच्यातल्या जास्त जणांना नोकरी लागली, आणि गंमत म्हणजे त्यांनी अर्ज किंवा फोन इतरांपेक्षा जास्त केले नव्हते. संशोधकांचा अंदाज असा की राग आधीच कागदावर उतरल्यामुळे तो मुलाखतीत बाहेर आला नसेल. तिला लिहायचं नसेल तर तुमच्यासमोर बोलू दे.

दुसरं, तुमचा तिला खरा उपयोग होऊ शकतो. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवलं होतं की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी साधारण सहात एकालाच ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती, बाकीच्यांना कधीमधी किंवा क्वचितच भेटणाऱ्यांकडून. कारण साधं आहे, जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्याला आधीच माहीत असतं. म्हणजे तुम्ही तिची जवळची असलात तरी तुमचा तो जुन्या कंपनीतला सहकारी, तो ट्रेनिंगमध्ये भेटलेला, ती दुसऱ्या शाखेतली, हे सगळे तिच्यासाठी लांबचे, म्हणून कामाचे. तिला विचारून, तिचा बायोडेटा मागून घ्या आणि अशा चारपाच जणांना स्वतः मेसेज करा. "माझी मैत्रीण आहे, जरा बघ" असा नको, त्यावर कुणी काही बघत नाही. ती नेमकं काय करते, तुम्ही तिच्यासोबत कुठलं काम केलंय, तिला कशा प्रकारची जागा हवी आणि ती कधीपासून येऊ शकते, चार ओळीत. आणि कुणाचं उत्तर आलं, कुणाचं नाही ते तिला कळवत राहा, नाही आलं तरी कळवा.

तुमच्या मन न लागण्याचं म्हणाल तर त्यातलं बरंचसं या न केलेल्या फोनचं असावं असा माझा अंदाज. उरलेल्यासाठी पहिल्या पत्राचं उत्तर बघा, ती संध्याकाळची एक ओळ तुम्हालाही लागू आहे.